बाराशे ओळींचं फंक्शन, टेस्ट एकही नाही: सुरुवात कुठून करावी?

अर्धविराम (धागाकर्ता)

पायथॉनमधली बिलिंगची सिस्टीम आहे. बिलाची रक्कम काढणारं मुख्य फंक्शन साधारण बाराशे ओळींचं. सवलत, कर, मागची थकबाकी, डेटाबेसमध्ये नोंद, ग्राहकाला ईमेल, सगळं त्याच्याच पोटात. टेस्ट नाहीत. रकमा फ्लोटमध्ये (दशांश संख्या बायनरीत अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवल्या आहेत. आता सवलतीचा एक नवा प्रकार आणायचा आहे आणि बिलं रोज निघतात, त्यामुळे काम थांबवता येत नाही.

टीममध्ये दोन मतं आहेत. एक, हे सगळं टाकून नव्याने लिहावं. दुसरं, आहे त्यातच हळूहळू सुधारावं. दुसरा मार्ग धरला तर पहिलं पाऊल कोणतं? आणि फंक्शन किती ओळींचं झालं की ते पुरेसं लहान झालं असं धरायचं?

---

खुणेचा दगड

नव्याने लिहायला घेऊ नका. त्या बाराशे ओळींत जे विचित्र इफ दिसतात, त्यांतले बरेचसे कुठल्या तरी खऱ्या बिलात आलेल्या खऱ्या अडचणीचं उत्तर असतात. हे ज्ञान कोडशिवाय कुठेही लिहिलेलं नसतं आणि नव्याने लिहिताना तेच आधी गळतं. शिवाय नवं तयार होईपर्यंत जुन्यातही बदल करावेच लागतात, म्हणजे काम दुप्पट. नेटस्केपने १९९८ मध्ये ब्राउझर मुळापासून लिहायला घेतला. त्यांची चौथी आवृत्ती १९९७ ची, आणि पुढची मोठी आवृत्ती, थेट सहावी, आली नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर बाजार हातचा गेला होता.

पहिलं पाऊल: कोडला हात लावण्याआधी ते आज काय करतं हे पक्कं नोंदवून ठेवा. काय करायला हवं ते नाही, आज काय करतं ते. याला कॅरेक्टरायझेशन टेस्ट म्हणतात. कृती अशी:

प्रॉडक्शनमधली, म्हणजे प्रत्यक्ष वापरातली, दोनेकशे बिलं निवडा. यादृच्छिक निवड पुरत नाही, मुद्दाम शोधा: सवलतीच्या प्रत्येक प्रकाराचं किमान एक, शून्य रकमेचं, परताव्याचं म्हणजे ऋण रकमेचं, महिनाअखेरीचं, २९ फेब्रुवारीचं, सर्वात मोठं, आणि वस्तूची एकही ओळ नसलेलं. ग्राहकाची नावं-पत्ते काढून टाका. प्रत्येकाचं इनपुट आणि फंक्शनने दिलेलं आउटपुट मजकूर-फाइलमध्ये साठवा. टेस्ट फक्त एवढंच करते: फंक्शन चालवते आणि आलेलं उत्तर साठवलेल्या उत्तराशी ताडून बघते.

मग ब्रँच कव्हरेज चालवा, म्हणजे टेस्ट चालताना इफच्या कोणत्या फांद्या वापरल्या गेल्या ते मोजा. नुसतं ओळींचं कव्हरेज फसवं असतं, कारण इफच्या एकाच बाजूने गेलं तरी ती ओळ चाललेली दिसते. ज्या फांद्यांना कुठलंच इनपुट लागलं नाही त्यांच्यासाठी पुन्हा बिलं शोधा.

कव्हरेज भरलं म्हणजे जाळं घट्ट झालं असंही नाही. तपासायचा सोपा उपाय: कोडमध्ये मुद्दाम बिघाड करा. एखादं ‘पेक्षा मोठं’ बदलून ‘मोठं किंवा समान’ करा, एखादी वजाबाकी बेरीज करा, आणि टेस्ट लाल होते का, म्हणजे नापास होते का, बघा. हिरवीच राहिली तर तिथे भोक आहे. हेच आपोआप करणारं पायथॉनमधलं साधन म्हणजे म्युटमट. बाराशे ओळींवर ते बराच वेळ घेईल, म्हणून सवलत आणि कराच्या भागापुरतंच चालवा.

इथे बहुतेकांचं अडतं ते उत्तर दर वेळी वेगळं येतं म्हणून. त्याची नेहमीची तीन कारणं:

– फंक्शन आतून आजची तारीख विचारतं. तारीख बाहेरून पॅरामीटरने द्या. पण पॅरामीटरच्या डीफॉल्टमध्ये ‘आत्ताची वेळ’ काढणारा कॉल लिहू नका. पायथॉन डीफॉल्टची किंमत फंक्शन तयार होताना एकदाच काढतो, त्यामुळे सर्व्हर सुरू झाल्याची तारीख सगळ्या बिलांवर उमटत राहते. ही चूक टेस्टमध्ये दिसत नाही, कारण टेस्टची प्रोसेस काही सेकंदच जगते.

– सेटमधल्या घटकांचा क्रम. स्ट्रिंगचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा, ज्यावरून सेट घटकाची जागा ठरवतो) प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळा असतो, म्हणून सेटवर लूप फिरवला की क्रम बदलतो. डिक्शनरीचा क्रम मात्र पायथॉन ३.७ पासून भरलेल्या क्रमानेच राहण्याची हमी आहे. जिथे सेटवर लूप आहे तिथे आधी सॉर्ट करा.

– ईमेल, डेटाबेस, बाहेरच्या सेवा. यांच्याबद्दल पुढच्या परिच्छेदात.

टेस्ट उभ्या राहिल्या की पहिला खरा बदल: वाचणं, हिशेब करणं आणि लिहिणं या तीन गोष्टी वेगळ्या करा. हिशेबाचं फंक्शन साधा डेटा घेईल आणि साधा डेटा परत देईल, त्यात ना डेटाबेस ना ईमेल. त्याला कॉल करणारं वरचं फंक्शन आधी सगळं वाचेल, हिशेब मागेल, मग लिहील. मात्र हे करताना क्रमाकडे लक्ष ठेवा. जुन्या कोडमध्ये ईमेल आधी जात असेल आणि ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले एकत्रच होणारे बदल) नंतर कमिट, म्हणजे पक्कं, होत असेल, तर कमिट फसल्यावर ग्राहकाच्या हातात अस्तित्वातच नसलेल्या बिलाचा मेल पडतो. त्यावर खात्रीचा उपाय असा की, बिल ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता त्याचमध्ये ‘पाठवायचे मेल’ या टेबलातही एक ओळ लिहायची आणि वेगळ्या प्रोसेसने ती उचलून पाठवायची. ती प्रोसेस मध्येच पडली तर तोच मेल दोनदा जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक हवा, म्हणजे दोनदा गेलेला मेल ओळखता येतो.

आणि एक पथ्य. साठवलेल्या उत्तरांत चुकीची रक्कम सापडेलच. ती आत्ता दुरुस्त करू नका. वेगळी नोंद करा, वेगळ्या कमिटमध्ये (गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातली बदलाची नोंद) सुधारा. रचना आणि वागणूक एकाच वेळी बदलली की टेस्ट लाल झाल्यावर कारण कोणतं, हे कोणालाच सांगता येत नाही.

---

टोकदार

वरच्या प्रतिसादाशी सहमत. धागाकर्त्याचा ओळींचा प्रश्न राहिला आहे, तेवढ्यावर लिहितो.

ओळी मोजून फंक्शन तोडू नका. बाराशे ओळींचे दहा-दहा ओळींचे एकशेवीस तुकडे केले आणि प्रत्येकाला आठ पॅरामीटर दिले, किंवा सगळ्यांमधून एकच डिक्शनरी फिरवत ठेवली आणि प्रत्येकाने तिच्यात काहीतरी बदललं, तर मूळ फंक्शन बरं होतं असं म्हणायची पाळी येते. निदान ते वरून खाली वाचता तरी येत होतं.

कुठे तोडायचं हे ठरवताना विचारा: हा भाग कोणाच्या सांगण्यावरून बदलतो? सवलत विक्रीवाले बदलतात, कर कायदा बदलतो, पावतीचा मजकूर तिसरंच कोणी बदलतं. या तीन गोष्टी तीन मोड्यूलमध्ये असाव्यात, आणि एकाचं पोट दुसऱ्याला दिसू नये. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडलेला हा विचार आहे: मोड्यूल पाडायचे ते कामाच्या पायऱ्यांनुसार नव्हे, तर बदलू शकणारा निर्णय लपवण्यासाठी. तुमचं फंक्शन पायऱ्यांनुसारच लिहिलेलं असणार, म्हणून तर सवलतीचा नवा प्रकार आला की चार ठिकाणी हात घालावा लागतो.

आकडा हवाच असेल तर ओळींपेक्षा सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी बघा, म्हणजे फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये हे माप दिलं आणि दहा ही मर्यादा सुचवली. ते नियम म्हणून लावू नका, पण दहाच्या वर गेलेलं फंक्शन उघडून बघा.

सवलतींच्या इफ-एल्सच्या माळेऐवजी तक्ता करा: प्रकाराचं नाव, आणि त्यासमोर ती सवलत काढणारं फंक्शन. नवा प्रकार म्हणजे एक नवं फंक्शन आणि तक्त्यात एक ओळ. तक्त्यात नसलेला प्रकार आला तर थेट एरर द्या. गुपचूप शून्य सवलत देऊ नका, नाहीतर बिलं चुकत राहतात आणि लॉगमध्ये काहीच दिसत नाही.

सारखे दिसणारे दोन तुकडे लगेच एकत्र करू नका. कर आणि विलंब-आकार, दोन्ही ‘रक्कम गुणिले टक्के’ असतात म्हणून एका फंक्शनमध्ये घातले, तर वर्षभरात त्या फंक्शनला ‘विलंबाचं आहे का’ असा बूलियन पॅरामीटर लागतो, मग आणखी एक. तो बूलियन दिसला की समजा दोन वेगळ्या गोष्टी जबरदस्तीने बांधल्या आहेत.

नावात एकक लिहा. ‘मुदत’ नको, ‘मुदत_दिवस’. ‘दर’ नको, ‘दर_टक्के’, कारण १८ आणि ०.१८ यांतला घोळ कोणताही लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारं साधन) पकडत नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये गमावलं ते यामुळेच: एक सॉफ्टवेअर आवेग पाउंड-सेकंदात देत होतं आणि दुसरं तो न्यूटन-सेकंद समजून घेत होतं.

---

शतांश

फ्लोटमधल्या रकमांवर कोणी बोललं नाही अजून. हा बदल व्हायलाच हवा, पण रचना सुधारण्याच्या कामात मिसळू नका. टेस्ट आणि विभागणी आधी, हे नंतर.

०.१ अधिक ०.२ हे फ्लोटमध्ये ०.३०००००००००००००००४ येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरा त्रास गोल करण्यात आहे. पायथॉन ३ मधलं राउंड अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेतं: २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. त्यात भर म्हणजे २.६७५ ला दोन दशांशांपर्यंत गोल केलं तर २.६७ मिळतं, कारण बायनरीत ती संख्या २.६७५ पेक्षा किंचित लहान साठवली जाते.

डेसिमल (पायथॉनमधला अचूक दशांश संख्यांचा प्रकार) वापरा, आणि ते स्ट्रिंगपासून बनवा. ०.१ या फ्लोटपासून बनवलं तर फ्लोटमधला कचरा जसाच्या तसा आत येतो. डेसिमलची डीफॉल्ट पद्धतही ‘अर्धं समाकडे’ हीच आहे, म्हणून क्वांटाइझ करताना, म्हणजे ठरावीक दशांशांपर्यंत गोल करताना, पद्धत दर वेळी स्पष्ट लिहा. कॉल विखुरू नका, पैसे गोल करणारं एकच फंक्शन ठेवा आणि सगळ्यांनी तेच वापरावं.

मग ठरवा, गोल कुठे करायचं. १.२५ च्या तीन वस्तू आणि १० टक्के कर घ्या. प्रत्येक ओळीवर अर्धं वर नेत गोल केलं तर कर ०.१३ तीनदा, म्हणजे ०.३९. एकूण रकमेवर एकदाच गोल केलं तर ०.३७५ चे ०.३८. प्रत्येक ओळीवर अर्धं समाकडे नेलं तर ०.३६. तीन उत्तरं, तिन्ही आपापल्या नियमाने बरोबर. कोणतं लागू आहे हे प्रोग्रामरने ठरवायचं नसतं, हिशेब बघणाऱ्यांकडून लेखी घ्यायचं आणि टेस्टच्या नावातच तो नियम लिहायचा. तसंच १००.०० चे तीन समान हप्ते केले की ९९.९९ होतात. उरलेला ०.०१ कोणत्या हप्त्यात जातो, त्याचीही वेगळी टेस्ट हवी.

जेसनमधून (सिस्टीमांमध्ये डेटा पाठवायचा मजकूर-फॉर्मॅट) रक्कम स्ट्रिंग म्हणून पाठवा. संख्या म्हणून पाठवली की पलीकडचा पार्सर ती बहुधा फ्लोट करतो आणि इकडची सगळी काळजी वाया जाते.

---

अर्धविराम

@शतांश, @खुणेचा दगड, आभारी आहे. टेस्टचं चित्र स्पष्ट झालं. पण डेटाबेसमधला रकमेचा कॉलमही फ्लोटच आहे (डेटाबेस पोस्टग्रेस). सिस्टीम बंद न करता तो कसा बदलायचा? एकाच मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) कॉलमचा प्रकार बदलला तर चालेल का?

---

पायरीपायरीने

एका झटक्यात बदलू नका. प्रकार बदलणारी आज्ञा पूर्ण टेबल नव्याने लिहिते आणि तोवर ना वाचता येतं ना लिहिता येतं. दुसरं असं की, डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) चालू असताना काही मिनिटं जुना आणि नवा कोड दोन्ही चालू असतात. दोघांनाही चालेल असाच स्कीमा (टेबलांची रचना) प्रत्येक क्षणी हवा. त्यामुळे पुढची प्रत्येक पायरी म्हणजे वेगळा डिप्लॉय:

१. नवा न्यूमरिक (अचूक दशांश) कॉलम जोडा, नल (रिकामी किंमत) चालेल असा.
२. कोडने दोन्ही कॉलममध्ये लिहावं, वाचावं जुन्यातूनच.
३. जुन्या ओळी तुकड्या-तुकड्याने भरा, एका वेळी हजार ते पाच हजार, आणि दर तुकडीनंतर कमिट. एकाच मोठ्या अपडेटने सगळ्या ओळी लॉक होतात आणि व्हॅक्यूमला (जुन्या, बाद ओळी साफ करणारं पोस्टग्रेसचं काम) जागा मोकळी करता येत नाही.
४. दोन्ही कॉलम ताडून बघा. भरताना दोन दशांशांपर्यंत गोल केलेली रक्कम ग्राहकाला छापून दिलेल्या बिलाशी जुळत नसेल, तर छापलेली रक्कम खरी धरा.
५. वाचन नव्या कॉलमवर न्या.
६. जुन्यात लिहिणं थांबवा.
७. किमान एक रिलीज जाऊ द्या, मग जुना कॉलम काढा.

पाचव्या पायरीपर्यंत केव्हाही मागे फिरता येतं, कारण जुना कॉलम ताजा असतो. सहावीनंतर परतीची वाट बंद होते. म्हणून पाच आणि सहाच्या मध्ये घाई नको.

पहिल्या पायरीतही एक खाच आहे. कॉलम जोडणं क्षणाचं काम, पण त्याला टेबलावर सर्वात कडक लॉक लागतो. एखादी लांबलचक क्वेरी चालू असली की मायग्रेशन तिच्यामागे थांबतं, आणि मायग्रेशनच्या मागे बाकी सगळ्या क्वेरी. क्षणाचं काम सिस्टीम गोठवतं ते असं. लॉक टाइमआउट दोन सेकंदांचा लावा, फसलं तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

शेवटी नॉट नल लावायचं असेल तर आधी ‘नल नाही’ अशी चेक अट नॉट व्हॅलिड ठेवून, म्हणजे जुन्या ओळी न तपासता, जोडा, मग वेगळ्या आज्ञेने व्हॅलिडेट करा, मग नॉट नल लावा. आवृत्ती १२ पासून पोस्टग्रेस त्या अटीवर विसंबून पूर्ण टेबल पुन्हा तपासणं टाळतं. नव्या कॉलमवर इंडेक्स हवा असेल तर कॉन्करंटली, म्हणजे टेबलात लिहिणं न अडवता, बांधा. तो ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसला तर मागे अवैध इंडेक्स राहतो, तो हाताने काढावा लागतो.

---

टोकदार

+१. हिशेबाचा नवा कोड आणतानाही हाच धीर हवा. काही काळ जुना आणि नवा दोन्ही चालवा: उत्तर जुन्याचं वापरा, नव्याचं फक्त ताडून फरक लॉगमध्ये लिहा. हिशेबातून डेटाबेस आणि ईमेल बाहेर काढले असतील तरच हे करता येतं, नाहीतर दोनदा मेल जातील. नव्या कोडमधला एक्सेप्शन तिथेच पकडा, त्याने बिल अडता कामा नये. बिलिंगचं एक पूर्ण चक्र, महिनाअखेर धरून, फरक शून्य आला की मगच फ्लॅग (जुना कोड की नवा हे ठरवणारा स्विच) फिरवा.

फ्लॅगबाबत दोन गोष्टींवर तडजोड करू नका. जुन्या फ्लॅगचं नाव किंवा बिट पुन्हा वापरायचा नाही. आणि काम झालं की फ्लॅग व मागचा मृत कोड दोन्ही काढायचे. नाइट कॅपिटल या शेअर-दलाल कंपनीत १ ऑगस्ट २०१२ ला नव्या सुविधेसाठी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला. तो पूर्वी ज्या कोडला चालू करायचा, तो वर्षानुवर्षं बंद असूनही काढलेला नव्हता. नवा कोड आठांपैकी एका सर्व्हरवर पोहोचलाच नाही, तिथे फ्लॅगने जुना कोड जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. यावरून तिसरी गोष्टही घ्या: डिप्लॉय संपल्यावर प्रत्येक सर्व्हरला तो कोणती आवृत्ती चालवतोय हे विचारून यादी जुळवायची, आणि ते काम स्क्रिप्टने करायचं.

---

दुवा

कमिटबद्दल थोडं. कोड फक्त हलवणारा कमिट आणि कोड बदलणारा कमिट वेगळे ठेवा. हलवलेल्या तीनशे ओळींत बदललेली एक ओळ कोणत्याही रिव्ह्यू करणाऱ्याला दिसत नाही. फॉरमॅटरने सगळ्या फाइल बदलणार असाल तर तो कमिटही स्वतंत्र करा आणि त्याचा क्रमांक गिट ब्लेमच्या, म्हणजे प्रत्येक ओळ कोणत्या कमिटने बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेच्या, दुर्लक्ष-यादीत टाका (गिट २.२३ पासून ही सोय आहे), म्हणजे ओळीमागचा खरा कमिट दिसत राहतो.

प्रत्येक कमिटवर टेस्ट हिरव्या असतील तर गिट बायसेक्ट कामाला येतं. ते दर वेळी उरलेल्यांच्या मधला कमिट तपासतं, म्हणून हजार कमिटमधून बिघाड आणणारा कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडतो. मध्येच न चालणारे कमिट असतील तर ते दर वेळी अडकतं.

कमेंटमध्ये कोड काय करतो ते लिहू नका, का करतो ते लिहा. ‘सवलत करानंतर वजा करतो’ हे कोडच सांगतो. ‘वार्षिक करारांत सवलत करानंतर धरायची असं ठरलं आहे, मासिक करारांना हे लागू नाही’ हे कोडला कधीच सांगता येणार नाही. मोठे निर्णय, जसं गोल करण्याचा नियम, रिपॉझिटरीतच एकेका पानाच्या फाइलमध्ये ठेवा: परिस्थिती काय होती, काय ठरलं, कोणते पर्याय सोडले आणि का. निर्णय फिरला तर जुनी फाइल खोडू नका, नवी लिहून जुनीत तिचा उल्लेख करा.

लायब्ररींच्या आवृत्त्या लॉक-फाइलमध्ये बांधून ठेवा, हॅशसकट, आणि ती फाइल गिटमध्ये घाला. लॉक केलं म्हणून अपडेट थांबवायचं मात्र नाही. ठरावीक दिवशी थोडं थोडं करत राहिलात तर एका वेळी एकच गोष्ट मोडते. दोन वर्षांनी एकदम केलंत तर सगळ्या एकत्र मोडतात.

---

अर्धविराम

कव्हरेज चालवून पाहिलं. तीन फांद्यांना उपलब्ध बिलांपैकी एकही लागत नाही. त्या काढून टाकायच्या का?

---

खुणेचा दगड

लगेच नाही. तुमच्या डेटात न दिसणारी फांदी वर्षातून एकदा लागणारी असू शकते, वर्षअखेरीच्या हिशेबाची किंवा करार मध्येच बंद झाल्याची. आधी गिट ब्लेमने ती कोणत्या कमिटमधून आली ते बघा, बऱ्याचदा संदेशातच कारण सापडतं. मग तिन्ही फांद्यांत एकेक लॉग-ओळ टाका, प्रत्येकीला वेगळं नाव आणि सोबत बिल क्रमांक. लॉग किती दिवस टिकतात ते तपासा. तीस दिवसांनी पुसले जात असतील तर लॉगऐवजी टेबलात मोजणी ठेवा. वर्षअखेर धरून पूर्ण चक्रात मोजणी शून्य राहिली तर फांदी काढा, एका कमिटमध्ये एकच. कमेंट करून ठेवू नका. हवी झाली तर गिटमध्ये आहेच. एखादी मध्येच लागली, तर तेच बिल उचलून टेस्टच्या संचात घाला.